बायस लावायचा तर मीटर लावून

उर्दू-मराठीचा मास्तर अँप्लिफायरवर का लिहितो, असं काहींना वाटेल. कारण साधं आहे. पेपर मिल, कोळसा खाणी आणि रेल्वेभोवती वाढलेल्या आमच्या बल्लारपुरातली कितीतरी मुलं शाळा संपताच एखाद्या उस्तादाच्या हाताखाली दुरुस्तीचं काम शिकू लागतात. त्यात साउंडवाल्यांचे अँप असतात, आणि कधी एखाद्या गिटारवाल्याचा व्हॉल्व्हचा अँपही.

व्हॉल्व्ह म्हणजे हवा काढून घेतलेली काचेची नळी. तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन निघून प्लेटकडे धावतात आणि मधली जाळी त्यांना आवरते. जाळीवर किती ऋण व्होल्टेज ठेवायचं, म्हणजे कोणी वाजवत नसतानाही नळीतून किती करंट वाहू द्यायचा, हे ठरवणं म्हणजे बायस. ऋण व्होल्टेज कमी पडलं तर प्लेट लालबुंद होते, नळी जळते, कधी ट्रान्सफॉर्मरही जातो. जास्त झालं तर हळू वाजवताना आवाज फाटतो. काही अँपमध्ये हा तोल आपोआप सांभाळला जातो. बाकीच्यांत पॉवरची नळी बदलली की बायस पुन्हा लावावा लागतो.

तो अनेकदा कानाने, नाहीतर नळीच्या उजेडाकडे बघून लावला जातो. उस्तादांच्या कानाबद्दल मला आदर आहे. पण प्लेट लाल दिसू लागते तेव्हा उशीर झालेला असतो.

हिशोब अवघड नाही. ईएल ३४ या नळीची प्लेट जास्तीत जास्त २५ वॅट उष्णता सोसते. त्याच्या ७० टक्क्यांवर थांबावं, असा रिवाज आहे, म्हणजे १७.५ वॅट. प्लेटवर ४५० व्होल्ट असतील तर १७.५ भागिले ४५०, सुमारे ३९ मिलीअँपिअर. मोजण्यासाठी कॅथोड आणि ग्राउंड यांच्यामध्ये १ ओहमचा रेझिस्टर घालायचा. त्यावर जितके मिलीव्होल्ट, तितके मिलीअँपिअर. घरातली लाइन कमीजास्त झाली की प्लेटचे व्होल्टही बदलतात, म्हणून अगदी कडेला जाऊ नये.

यात नववीच्या विज्ञानाबाहेरचं फारसं काही नाही. ओहमचा नियम मुलांनी शिकलेला असतो. मराठी माध्यमात त्यांनी विद्युतधारा आणि रोध लिहिलं, उर्दू माध्यमात बर्की रौ आणि मुजाहमत. दुकानात त्याच गोष्टींना करंट आणि रेझिस्टन्स म्हणतात. हा तोच धडा आहे, हे कोणी सांगतच नाही. मग मुलगा समजतो की हिशोब इंग्रजीवाल्यांचा आणि आपल्या वाट्याला फक्त स्क्रू ड्रायव्हर. इल्म आणि हुनर यांची ही फारकत आपणच केली आहे.

तिची किंमत फक्त जळालेली नळी नसते. प्लग काढल्यावरही अँपच्या कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट साठून राहू शकतात. ते रेझिस्टरमधून रिकामे करायचे, मीटरने खात्री करायची आणि मगच आत हात घालायचा. चालू अँपवर मोजताना दुसरा हात लांब ठेवायचा. स्पीकर जोडल्याशिवाय अँप चालू करायचा नाही. हे पोराला पहिल्या दिवशी कळायला हवं, झटका बसल्यावर नव्हे.

व्हॉल्व्ह आता उरलेत किती, असं कोणी विचारेल. पण ट्रान्झिस्टरच्या कितीतरी अँपमध्येही न वाजवताना वाहणारा करंट असाच मोजून लावतात. नळी गेली तरी मोजण्याची सवय उपयोगी पडतेच.

म्हणून शाळांना माझी विनंती आहे, ओहमच्या धड्याला एखाद्या उस्तादांना वर्गात बोलवा. उस्तादांनी बायसचा आकडा आणि तारीख अँपच्या आत चिठ्ठीवर लिहून ठेवावी. आणि मोहल्ल्यातल्या कमिट्यांनी गुणवंतांच्या सत्काराला ढाली वाटण्याऐवजी मल्टीमीटर द्यावेत. ढाल कपाटावर धूळ खाते. मीटर पोराला अंदाजाऐवजी आकड्यावर बोलायला शिकवेल.