गनिमालाही रंग द्या

दिवाळीच्या किल्ल्यासाठी दरवर्षी नवे मावळे विकत घेऊ नयेत, घरातलेच जुने रंगवून घ्यावेत आणि रंगवण्याआधी त्यांतले निम्मे कमी करावेत, असं माझं मत आहे. इथपर्यंत घरातल्यांना पटतं. पण मी पुढे असंही म्हणतो की जे ठेवायचे त्यांत समोरच्या बाजूचे शिपाईसुद्धा असावेत, आणि त्यांनाही तितक्याच निगुतीनं रंग द्यावा. हे मात्र कोणाला पटत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमच्या पत्र्याच्या पेटीत तीन पिढ्यांचं सैन्य आहे. भाजलेल्या मातीचे मावळे, नंतर आलेले प्लास्टरचे, अलीकडचे रबरी. मधूनच हिरवे प्लास्टिकचे बंदूकवाले जवान, एक वाघ, आणि मावळ्यांपेक्षा डोकंभर उंच अशा दोन गवळणी! सगळे मांडले की किल्ला दिसतच नाही, नुसती जत्रा दिसते. मुलं मावळे मोजतात आणि शेजारच्या किल्ल्यावर किती आहेत ते बघून येतात. संपलं. मोजण्यापलीकडे त्या सैन्याचं काही काम उरत नाही.

कमी करायचे तर कोणत्या हिशेबानं? हिशेब आपल्याकडे तयार आहे. कृष्णाजी अनंत सभासदांनी जिंजीला राजाराम महाराजांच्या काळात जी बखर लिहिली, तिच्यात पायदळाची रचना सांगितली आहे. दहा माणसांमागे एक नाईक, पाच नाईकांवर एक हवालदार, दोन-तीन हवालदारांवर एक जुमलेदार आणि दहा जुमल्यांचा एक हजारी. गडावर हवालदार, सरनोबत आणि सबनीस असे अधिकारी. म्हणजे गडावर तलवारवाल्याइतकीच लेखणीवाल्याचीही गरज होती. कोठारातलं धान्य आणि दारूगोळा मोजणारा कारखानीस निराळाच.

आता आपल्या अंगणातल्या हातभर किल्ल्याला किती माणसं पुरतात? दरवाज्यावर दोन, बुरुजांवर एकेक, एक नाईक आणि त्याची दहा माणसं, एक हवालदार, एक सबनीस, दोन-तीन घोडेस्वार. पंचवीस-तीस झाले. प्रत्येकाला विचारायचं, "तुझं काम काय?" ज्याला काम सांगता येत नाही त्याला रजा. चांगल्या अवस्थेतले जादा मावळे ज्या मुलांकडे एकही नाही त्यांना द्यावेत. प्लास्टरचे अगदीच फुटलेले असतील तर ओढ्यात टाकू नयेत, ते तिथे वर्षानुवर्षं पडून राहतात. तटाच्या आतल्या भरावात दगडांबरोबर तेही खपतात.

रंगवण्याबद्दल थोडं अनुभवाचं. आमच्या जव्हार-मोखाड्याला पाऊस मुक्कामालाच येतो, त्यामुळे पेटी उघडली की निम्म्या सैन्याला बुरशी आलेली असते. कच्च्या मातीचा मावळा पाण्यात घालू नये, तो मावळा राहत नाही, चिखल होतो. जुन्या दात घासायच्या ब्रशनं कोरडाच झाडावा. प्लास्टरच्या मावळ्याचे सुटलेले पोपडे बारीक पॉलिश पेपरनं काढावेत, मग पांढऱ्या रंगाचा एक हात. पोस्टर कलर स्वस्त, पण ओल लागली की उतरतो. अॅक्रिलिक टिकतो. घरातल्या जुन्या डब्यातला ऑइलपेंट मुलांच्या हाती देऊ नये. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा जास्त नको हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, त्याआधीच्या डब्यांचा भरवसा नाही. मोडलेला भाला खराट्याच्या काडीनं होतो, तुटलेला हात फेव्हिकॉलनं बसतो. आधी चेहरा आणि हातपाय, मग अंगरखा, मग पागोटं, आणि डोळे सगळ्यांत शेवटी, टूथपिकच्या टोकानं.

चेहऱ्याच्या रंगाबद्दल मात्र माझा आग्रह आहे. बाजारातले मावळे गुलाबी असतात. सह्याद्रीच्या उन्हात उभं आयुष्य काढणारा माणूस गुलाबी कसा असेल? गडांच्या राबत्यात कोळी होते, रामोशी होते, महार होते. आमच्या भागातली वारली, कोकणा, ठाकर, महादेव कोळ्यांची मुलं हा किल्ला बघायला येतात, त्यांना तिथे आपल्यासारखा दिसणारा एक तरी माणूस दिसायला हवा की नको? तपकिरीत थोडा पिवळा आणि किंचित लाल मिसळला की माणूस आपल्यातला दिसायला लागतो. खर्च शून्य.

आता वादाचा मुद्दा. शत्रू.

आपल्या किल्ल्यावर शत्रू नसतोच. सगळे भाले बाहेरच्या बाजूला रोखलेले आणि समोर रिकामं अंगण! असलाच तर एखादा काळाकुट्ट, मोठ्या मिशांचा, मुद्दाम वाईट रंगवलेला. मुलांनी यातून काय शिकायचं? शत्रू म्हणजे कुरूप माणूस, एवढंच?

आमच्या गावाचा इतिहास काही निराळं सांगतो. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराज सुरतेवर गेले, तेव्हा वाटेत जव्हारजवळ शिरपामाळावर त्यांचा मुक्काम झाला. जव्हारचे राजे विक्रमशहा त्यांना तिथे भेटले, असं इथे सांगतात, आणि त्या जागी आज स्मारक आहे. ही झाली मैत्री. पुढे आठच वर्षांनी, १६७२ मध्ये, मोरोपंत पिंगळ्यांनी जव्हार जिंकून घेतलं आणि त्याच विक्रमशहांना राज्य सोडावं लागलं. आता जव्हारच्या पोरानं किल्ल्यावर जव्हारचा शिपाई कोणत्या बाजूला उभा करायचा? मुकणे घराणं महादेव कोळ्यांचं, आणि महाराजांच्या सैन्यातही कोळी होतेच. तटाच्या आत आणि बाहेर एकाच रंगाचे चेहरे!

गेल्या वर्षी दोन्ही बाजू रंगवून ठेवल्या होत्या. नातीनं एक मावळा उचलून विचारलं, "आजोबा, हा आपला का त्यांचा?" मी म्हटलं, "पागोटं बघ. केशरी ते महाराजांचे, निळे ते विक्रमशहांचे." तिनं बराच वेळ दोन मावळे शेजारी धरून पाहिले आणि म्हणाली, "पण तोंडं तर सारखीच आहेत." मला वाटतं, एका दिवाळीत एवढा इतिहास पुष्कळ झाला.

परदेशात हे मोठी माणसंही खेळतात. एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकानं १९१३ मध्ये 'लिटल वॉर्स' हे खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाईचं पुस्तक लिहिलं. तिथे दोन्ही फौजांना नियम एकच, कारण समोर तोडीचा गडी नसेल तर खेळच होत नाही. खऱ्या युद्धापेक्षा हे छोटं युद्ध किती बरं, हेही त्यानं त्यातच सांगून ठेवलं आहे. पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध पेटलं.

पण त्यासाठी इंग्लंडपर्यंत तरी कशाला जायचं? आमच्याकडचा बोहाडा बघा. देवांची सोंगं येतात तशी राक्षसांचीही येतात. सोंगं घराण्यांकडे वाटून दिलेली असतात. महिषासुराचा मुखवटा ज्या घराकडे, ते घर तो तितक्याच मानानं जपतं, रंग उडाला की रंगवतं. महिषासुराशिवाय जगदंबेनं कोणाशी लढायचं? संबळ दोघांसाठीही वाजतो. ही समज आमच्या पाड्यापाड्यांवर पूर्वीपासून आहे, अंगणातल्या किल्ल्यावर तेवढी यायची राहिली.

"महाराजांच्या किल्ल्यासमोर शत्रूला सजवून उभं करायचं? शोभतं का?" असं आमच्या एका नातेवाइकांनी विचारलं. माझं म्हणणं उलट आहे. समोर बाहुलं असेल तर विजय कशाचा? सिंहासनावर महाराज आहेतच, त्यांची जागा कोणी घेत नाही. त्यांच्या पराक्रमाचं माप कळायचं असेल तर समोरचा माणूस माणसासारखा दिसला पाहिजे. शूर, आपल्याच मातीतला, कधी काल-परवापर्यंतचा मित्रसुद्धा.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले. त्यांत अकरा महाराष्ट्रातले आणि एक सभासदांची जिंजी, थेट तमिळनाडूतली. आनंदच आहे. त्यामुळे या पुढच्या दिवाळ्यांना किल्ले आणखी होतील, मावळेही आणखी विकले जातील. विकत घेण्याआधी घरातली पेटी एकदा जमिनीवर पालथी करा. पंचवीस उचला, चार-पाच समोरच्या बाजूचे म्हणून वेगळे ठेवा, आणि ब्रश मुलांच्या हाती द्या. रेघ वाकडी गेली तरी चालेल. फक्त शत्रूचे डोळे रंगवताना घाई करू नका म्हणावं.