विश्लेषण: सार्वजनिक टेनिस कोर्ट रिकामं दिसतं, तरी खेळता का येत नाही?

विम्बल्डन सुरू झालं की ब्रिटनमधल्या बागांतल्या टेनिस कोर्टांवर दरवर्षी गर्दी उसळते. पूर्वी रॅकेट घेऊन जायचं, कोर्ट रिकामं असेल तर खेळायचं, नसेल तर बाकावर बसून वाट बघायची, एवढाच नियम होता. आता अनेक बागांत कोर्टाच्या फाटकाला कीपॅड बसला आहे. ऑनलाइन तास बुक केला की कोड येतो आणि तो दाबला की फाटक उघडतं. आयत्या वेळी फोनवरून बुक करता येतं, पण तो तास कुणी आधीच घेऊन ठेवला असेल आणि तो आलाच नसेल, तर रिकामं कोर्ट जाळीबाहेरून बघत बसावं लागतं.

हे कुलूप आलं कुठून?

ब्रिटन सरकार आणि तिथली लॉन टेनिस असोसिएशन यांनी मिळून सुमारे ३ कोटी पौंड खर्चून बागांतली कोर्टं दुरुस्त करण्याची योजना आखली. त्यातले २ कोटी २० लाख पौंड सरकारचे. २०२२ ते २०२४ या काळात तीन हजारांहून अधिक कोर्टांचं काम झालं. त्याआधी कित्येक कोर्टांना भेगा पडल्या होत्या, शेवाळ धरलं होतं, जाळ्या फाटल्या होत्या. स्थानिक पालिकांकडे देखभालीला पैसा नव्हता. त्यामुळे दुरुस्तीबरोबर अनेक ठिकाणी ऑनलाइन बुकिंग, कोडचं फाटक आणि शुल्कही आलं. कुठे तासाचे पैसे, कुठे कुटुंबाचा वार्षिक पास. आठवड्यातून एकदा मोफत सत्र असतं आणि तिथे रॅकेटही मिळते. तरीही ‘आजवर फुकट होतं, आता पैसे का?’ असा विरोध बऱ्याच ठिकाणी झाला.

भांडण फक्त पैशांचं नाही

दादरच्या शिवाजी पार्कवर एकाच वेळी अनेक सामने चालतात, एकाचा फील्डर दुसऱ्याच्या पिचजवळ उभा असतो आणि तरी सगळ्यांचं भागतं. टेनिसमध्ये ही सोय नाही. जवळपास २४ मीटर लांब आणि ११ मीटर रुंद जागा एका वेळी दोघांना किंवा चौघांनाच वापरता येते. त्यामुळे वाटणी जागेची करता येत नाही, वेळेचीच करावी लागते.

रांगेत किंमत वेळेने मोजली जाते. बुकिंगमध्ये ती आगाऊ नियोजनाने मोजली जाते. येत्या शनिवारी आपण सकाळी आठला मोकळे असू, हे ज्याला आज माहीत आहे त्याच्यासाठी बुकिंग उत्तम. दोन लहान मुलं असलेल्या घरात तर रांगेपेक्षा तेच बरं. पण शिफ्टमध्ये काम करणारी नर्स, टॅक्सीचालक, शाळेतून परस्पर मैदानावर जाणारी मुलं यांचा दिवस इतका आधी ठरत नाही. शिवाय नवा खेळाडू सहसा आयत्या वेळीच येतो. कुणाला तरी खेळताना बघतो आणि चार चेंडू मारावेसे वाटतात. बुकिंग सक्तीचं केलं की पहिला फटका त्याला बसतो.

पुण्या-मुंबईतल्या मोठ्या सोसायट्यांत क्लबहाउसचं कोर्ट ॲपवरून बुक करणाऱ्यांना यातलं बरंच ओळखीचं वाटेल.

बुक करून न येणाऱ्यांचं काय?

खरं दुखणं इथे आहे. बुकिंग फुकट असेल तर लोक ‘असू दे’ म्हणून दोन-दोन तास घेऊन ठेवतात. त्यात ब्रिटनचा पाऊस. ढग दिसले की घराबाहेर पडत नाहीत, पण रद्द करायला बोट हलवत नाहीत.

शुल्क लावलं की हे कमी होतं, पण दुसरीकडे दुखतं. न्यू यॉर्कमध्ये पालिकेच्या टेनिस कोर्टांसाठी हंगामी परवाना लागतो. २०११ मध्ये प्रौढांचं शुल्क १०० डॉलरवरून थेट २०० डॉलर झालं आणि परवाने घेणारे झपाट्याने घटले. पुढे शुल्क पुन्हा १०० डॉलरवर आणावं लागलं.

आणि जिथे मागणी फार, तिथे दलाल येतातच. लॉस एंजेलिसमध्ये पालिकेच्या गोल्फ कोर्सवरच्या वेळा क्षणात संपायच्या आणि नंतर चॅट ॲपवर जादा पैशांत विकल्या जायच्या. २०२४ मध्ये पालिकेने माणशी १० डॉलरची परत न मिळणारी अनामत सुरू केली. आपल्याकडे रेल्वेने ऑनलाइन तत्काळ तिकिटांसाठी १ जुलै २०२५ पासून आधार पडताळणी सक्तीची केली, ती याच जातीच्या दुखण्यावर.

विम्बल्डन स्वतः काय करतं?

या वादात सगळ्यात उपयोगी उदाहरण खुद्द विम्बल्डनचं आहे. तिथली बरीच तिकिटं आधीच सोडतीतून जातात. तरीही सेंटर कोर्ट, नंबर १ आणि नंबर २ या कोर्टांची रोज प्रत्येकी सुमारे ५०० तिकिटं त्या दिवशी रांगेत उभ्या राहणाऱ्यांसाठी राखून ठेवतात (सेंटर कोर्टला शेवटचे चार दिवस वगळून). शिवाय कुणी सामना अर्धवट सोडून निघालं तर त्याचं तिकीट मैदानातल्या दुसऱ्या प्रेक्षकाला स्वस्तात विकलं जातं आणि ते पैसे धर्मादाय कामाला जातात. म्हणजे काही वाटा आधी येणाऱ्यांसाठी ठेवायचा आणि रिकामी झालेली खुर्ची रिकामी राहू द्यायची नाही.

बागेतही हे जमण्यासारखं आहे. चार कोर्टं असतील तर एक बुकिंगबाहेर ठेवावं, निदान संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी. तिथे अमेरिकेतल्या अनेक बागांसारखी कुंपणाला रॅकेट अडकवून नंबर लावायची पद्धत चालेल: कुणी थांबलेलं असेल तर तासाभराने कोर्ट सोडायचं. एकाच कोर्टाची बाग असेल तर दिवसाचे काही तास खुले ठेवता येतील. बाकीच्या कोर्टांवर दहा-पंधरा मिनिटांत कुणी आलं नाही तर तास पुन्हा खुला व्हावा.

त्यासाठी विम्बल्डनसारखे कर्मचारी बागेत नसतात, हे खरं. पण कोड दाबला गेला की नाही, हे कळण्याची सोय त्या फाटकातच करता येते. प्रश्न पालिकेला त्यात रस आहे का, हा आहे. वार्षिक पासचे पैसे कोर्ट भरलं काय आणि ओस पडलं काय, सारखेच जमा होतात.