गोळी कोणती, हे परवानगीतच लिहा

रब्बीचा हरभरा भरात आला की खान्देशात रात्रीची राखण सुरू होते. सातपुड्याच्या पायथ्याचे रावेर, यावल, चोपडा, शिरपूर असो, की अजिंठ्याच्या रांगेखालचे जामनेर, चाळीसगाव असो, रोही (नीलगायी) आणि रानडुकरे शिवारात शिरली की महिन्यांची मेहनत एका रात्रीत जाते. खाल्ले जाते त्याहून तुडवले जाते जास्त. नुकसानभरपाईची तरतूद आहे, पण पंचनाम्याच्या कागदाने गेलेला हंगाम परत येत नाही. त्यामुळे ‘रोह्यांचा बंदोबस्त करा’ ही मागणी रास्त आहे. मात्र बंदोबस्त म्हणजे गोळी, असे ठरते तेव्हा ती गोळी कोणती आणि ती जनावराच्या शरीरात काय करते, हा प्रश्न कोणी विचारत नाही. तो विचारणे गरजेचे आहे.

आधी कायदा स्पष्ट असू द्या. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आहे. चितळ, सांबर, भेकर यांच्यावर हौसेने बंदूक रोखणे गुन्हा आहे. काळवीट आणि चिंकारा तर पहिल्या अनुसूचीत असून त्यांच्या शिकारीला किमान तीन वर्षांची कैद आहे. शिकारीचा प्रयत्नही कायद्याच्या व्याख्येत शिकारच ठरतो, म्हणजे नेम चुकला म्हणून सुटका नाही. उभ्या पिकाला धोका असेल तर कलम ११ खाली लेखी कारण नोंदवून मारण्याची परवानगी देता येते. रोही आणि रानडुकरांसाठी राज्य शासनाने २०१५ मध्ये या परवानगीची वाट सोपी केली. परवानगीने मारलेले जनावर शासनाच्या मालकीचे असते, त्याच्या मांसावर कोणाचा हक्क नसतो. मात्र मारायचे कशाने, याविषयी कलम ११ मध्ये एक शब्दही नाही.

गोळी लागली म्हणजे जनावर जागीच पडते, हा समज सिनेमातून आला आहे. मोठे जनावर लवकर मरते ते हृदय, फुफ्फुसे आणि त्यांच्या मोठ्या रक्तवाहिन्या फाटून मेंदूचा रक्तपुरवठा थांबला तर. त्यासाठी गोळीला दोन कामे करावी लागतात. कातडी, स्नायू आणि वेळ पडल्यास हाड भेदून ती छातीच्या पोकळीपर्यंत खोल गेली पाहिजे. आणि तिथे पोचताना तिचे टोक पसरून घाव रुंद झाला पाहिजे. ही कामे एकमेकांच्या आड येतात. फार लवकर पसरणारी गोळी खांद्यावरच फुटते आणि वरवरची मोठी जखम करते. अजिबात न पसरणारी गोळी सुईसारखी आरपार जाते, आणि जनावर आतून रक्तस्राव होत दूरवर पळते.

शिकारीची गोळी या दोहोंचा मेळ घालते. तिच्या शिशाच्या गाभ्यावर तांब्याच्या मिश्रधातूचे कवच असते, पण टोक उघडे ठेवलेले असते. आदळताच ते टोक मागे दुमडत छत्रीसारखे उघडते आणि मागचा जड भाग तिला पुढे रेटतो. काही गोळ्यांत गाभा कवचाला घट्ट जोडलेला असतो, म्हणजे हाडावर आपटूनही तुकडे होत नाहीत. काही अख्ख्या तांब्याच्या असतात. हे उघडणे वेगावर अवलंबून असते. गोळीची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. वेग निम्म्यावर आला तर ऊर्जा चौथा हिस्सा उरते. जवळून नीट पसरणारी गोळी लांबून मारली तर न उघडताच निघून जाऊ शकते. म्हणून गोळीची निवड अंतराच्या मर्यादेसकट करावी लागते.

सैन्याची गोळी या कामाची नाही, हे आपल्या जिल्ह्याने तरी नीट समजून घ्यावे. भुसावळजवळच्या वरणगावच्या आयुध निर्माणीत लष्कराची काडतुसे बनतात. २०२१ पासून ती म्युनिशन्स इंडिया लिमिटेडमध्ये आहे. सैनिकी गोळीचे टोक कवचाने पूर्ण झाकलेले असते. त्यामागे इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोलकात्याजवळच्या दमदम शस्त्रागारात उघड्या टोकाची, शरीरात पसरणारी गोळी तयार झाली, आणि १८९९च्या हेग परिषदेने अशा गोळ्या युद्धात वापरण्यावर बंदी घातली. जखमी सैनिक रणांगणातून हटला की युद्धाचा हेतू साधतो. त्याच्या यातना वाढवणे अमानुष ठरते. जनावराला मारण्याचीच परवानगी असते तेव्हा न्याय उलटा होतो. तिथे जखमी करून सोडणे हीच क्रूरता, आणि झटपट मरण हीच दया.

आता आपल्याकडे हातात काय असते ते पाहू. १९५९चा शस्त्र कायदा पीकराखणीच्या खऱ्या गरजेसाठी ठासणीची बंदूक पुरेशी वाटली तर तिचाच परवाना देण्याची मुभा देतो. आवाज करून कळप पळवायला ती ठीक आहे. पण पूर्ण वाढलेला रोही नर दोनशे किलोंच्या घरात जातो, त्याच्या मानेची कातडी जाड असते, आणि रानडुकराच्या खांद्यावर कठीण थराची ढालच असते. ठासणीच्या बंदुकीतला ऐवज किंवा बारा बोअरचे बारीक छर्रे तिथे कातडीखाली अडकतात. ते जनावर तेव्हा मरत नाही. जखम चिघळून, पाण्याच्या आसऱ्याला जाऊन काही दिवसांनी मरते. त्यापेक्षा वाईट म्हणजे गावठी बॉम्ब आणि कुंपणात सोडलेला वीजप्रवाह. त्यात बिबटेही मरतात आणि माणसेही.

गोळीला दुसरी बाजूही आहे. खान्देशात शेतीची वीज अनेकदा रात्री येते, त्यामुळे केळीच्या बागेत मध्यरात्री पाणी धरणारा माणूस असतो. सपाट रानात आरपार गेलेली किंवा नेम चुकलेली रायफलची गोळी किलोमीटरभर पलीकडेही जीव घेऊ शकते. शरीरात पसरून वेग गमावणारी गोळी हा धोका कमी करते, संपवत नाही. मागे मातीचा बांध किंवा उतार नसेल तर चाप ओढूच नये. शिशाचा प्रश्नही आहे. फुटलेल्या गोळीचे कण मेलेल्या जनावरात राहतात आणि कोल्हे, तरस, गिधाडे ते खातात. कॅलिफोर्नियाने कॉन्डोर गिधाडे वाचवण्यासाठी २०१३ मध्ये कायदा करून २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्या पूर्ण बंद केल्या.

निवड शिकाऱ्याच्या मर्जीवर न सोडता कायद्यात लिहिता येते. इंग्लंडच्या १९९१च्या हरीण कायद्यात रायफलीचा व्यास सुमारे ६.१ मिलिमीटरपेक्षा आणि नळीतून निघतानाची ऊर्जा सुमारे २,३०० ज्यूलपेक्षा कमी चालत नाही, आणि गोळी मऊ किंवा पोकळ टोकाचीच लागते. आपल्याकडे रोही-डुकरांच्या प्रत्येक परवानगीत अशाच अटी हव्यात: पसरणारी गोळी, ठरावीक किमान ऊर्जा, अंतराची कमाल मर्यादा, मागे मातीचा आडोसा, चाचणी दिलेला नेमबाज, जखमी जनावराचा माग काढण्याची सक्ती आणि मृत जनावर खोल पुरण्याची जबाबदारी. या अटी कशा पाळल्या गेल्या, याची माहिती नोंदवून वनविभागाने दरवर्षी जाहीर करावी.

यामुळे शिकारीला प्रतिष्ठा मिळेल, अशी शंका काही निसर्गप्रेमी घेतील. शंका प्रामाणिक आहे. पण परवानगी आजही मिळते. अटी नसल्याने ती सैल आहे, दयाळू नाही. बिहारमध्ये केंद्राने रोह्यांना उपद्रवी ठरवल्यानंतर २०१६ मध्ये मोकामा भागात दोनशेहून अधिक रोही मारले गेले. त्याच राज्यात २०१९ मध्ये वैशाली जिल्ह्यात गोळी लागलेल्या रोह्याला यंत्राने खड्ड्यात ढकलून जिवंतपणी गाडल्याचे चित्रीकरण देशाने पाहिले. अटी कडक झाल्या तर अशा परवानग्या कमी निघतील, आणि कुंपण, सौरझटका, सामूहिक राखण या मार्गांकडे शासनाला आणि गावाला अधिक गंभीरपणे वळावे लागेल. तेही हिताचेच आहे. शेतकऱ्याचे पीक वाचवणे हे शासनाचे कर्तव्य आहे. त्यासाठी जीव घ्यावाच लागला तर तो कमीत कमी यातनेत जाईल हे पाहणेही त्याच कर्तव्यात येते, आणि सही करणाऱ्या अधिकाऱ्याने ते कागदावर लिहूनच सही करावी.