तू तिथं गेलासच कशाला?

शनिवारी रात्री साडेअकराला मोबाइल वाजला. 'खाली ये.' बस्, एवढंच. मंगळवार पेठेतल्या आमच्या बोळात मित्र बाइकला टेकून उभा होता. ओठ फुटलेला, शर्टाची बटणं तुटलेली. मला वाटलं, फुटबॉलवरून राडा झाला असणार. पाटाकडीलचा कट्टर फॅन ना तो!

राडा वेगळाच होता. डेटिंग अ‍ॅपवर एका मुलाशी महिनाभर चॅटिंग, मग भेटायचं ठरलं. ठरल्या जागी तो मुलगा आणि सोबत आणखी तिघं. 'असल्या' लोकांना देतात त्या सगळ्या शिव्या, मारहाण, पिन वदवून घेऊन यूपीआयवरून आठ हजार आणि वर धमकी, 'पोलिसांत गेलास तर घरी सांगू.'

तो गे आहे हे मला ठाऊक आहे. त्याच्या आई-बाबांना नाही. त्यामुळे त्याचा प्लॅन तयार होता. अ‍ॅप डिलीट, चॅट डिलीट, विषय संपला. 'तक्रार केली तर माझ्यावरच केस व्हायची, भावा.'

नाही होणार! ६ सप्टेंबर २०१८ रोजी सुप्रीम कोर्टाने सांगितलं की दोन सज्ञान व्यक्तींचं संमतीचं नातं हा गुन्हा नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर ३७७ सारखं कलमच नाही. कायदा गेला, धाक तेवढा उरलाय. आणि ब्लॅकमेलवाल्यांचा धंदा त्याच धाकावर चालतो.

रात्रीच सरकारी दवाखान्यात जाऊन जखमांची मेडिको-लीगल नोंद करून घेतली. चॅटचे आणि पेमेंटचे स्क्रीनशॉट काढले. सकाळी पोलीस ठाणं. तिथला पहिलाच प्रश्न, 'तू तिथं गेलासच कशाला?' दुसरं वाक्य, 'एनसी लिहून घेतो.'

इथेच खरी गोम आहे. साधी मारहाण अदखलपात्र, म्हणून तिची एनसी होते आणि कोर्टाच्या आदेशाशिवाय तपास होत नाही. पण मारून पैसे काढून घेणं ही जबरी चोरी आणि बदनामीचा धाक घालून पैसे उकळणं ही खंडणी. दोन्ही दखलपात्र. अशा वेळी एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, हे सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये ललिताकुमारी खटल्यात स्पष्ट केलंय. हद्द दुसरी असली तरी झीरो एफआयआर होतो. तरीही नकार मिळाला तर लेखी तक्रार पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवायची. समलिंगी म्हणून मारलं, असा वेगळा गुन्हा आपल्या कायद्यात नाही. म्हणून दिलेल्या शिव्या जबाबात जशाच्या तशा लिहून घ्यायला लावा. मारण्यामागचा हेतू त्यातच दिसतो.

ठाण्यातल्या बाकड्यावर मला सारखे प्रा. श्रीनिवास रामचंद्र सिरस आठवत होते. मनोज बाजपेयीचा 'अलीगढ' पाहिलाय ना? तेच. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवायचे. फेब्रुवारी २०१० मध्ये कॅमेरा घेऊन लोक त्यांच्या घरात घुसले आणि निलंबन झालं सिरसांचंच. ते हायकोर्टात गेले. १ एप्रिलला निलंबनाला स्थगिती मिळाली. ७ एप्रिलला ते राहत्या घरी मृतावस्थेत सापडले. कोर्टाने बाजू घेतली होती, पण घरी ते एकटेच होते.

तक्रार हवीच. पण तक्रारीइतकीच सोबतही हवी. तातडीला ११२, मोफत कायदेशीर सल्ल्यासाठी विधी सेवा प्राधिकरणाचा १५१००, मन फारच खचलं तर टेलि-मानसचा १४४१६. मुंबईचा हमसफर ट्रस्ट १९९४ पासून याच लोकांसाठी काम करतोय. आणि हो, त्याच्या घरी काय सांगायचं, कधी सांगायचं, हे त्याचं त्याला ठरवू द्या. मदतीच्या भरात ती बातमी तुम्ही फोडू नका.

आमचा एफआयआर दुपारी चारला झाला. प्रत फुकट मिळते, मागून घेतली. पोरं अजून सापडलेली नाहीत. मित्र अनोळखी नंबर दिसला की अजून दचकतो, पण ऑफिसला जायला लागलाय.

खरं सांगू? 'तू तिथं गेलासच कशाला' हा प्रश्न आदल्या रात्री माझ्याही ओठांवर आला होता. कसाबसा गिळला. तुम्हालाही कुणी रात्री-अपरात्री 'खाली ये' म्हणालं, तर तेवढं विचारू नका. चपला घाला आणि जा खाली.