वणवा आभाळातून येत नाही

मोहफुलांचे दिवस जवळ आले की गोंदिया जिल्ह्यात जंगलालगतच्या गावांतून वणव्याची चर्चा सुरू होते. ‘हिवाळ्यातच विमानाने कृत्रिम पाऊस पाडावा, म्हणजे जमीन ओली राहील आणि जंगल जळणार नाही’, असे शिकलेली मुलेही म्हणतात. म्हणून हा प्रश्न आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

विमान ढग तयार करीत नाही. आधीच असलेल्या ढगात क्षाराचे किंवा सिल्व्हर आयोडाइडचे कण सोडून पाऊस वाढविण्याचा तो प्रयत्न असतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने सोलापूर भागात २०१८ आणि २०१९ मध्ये असे प्रयोग केले. योग्य ढग निवडल्यावर सुमारे १०० चौरस किलोमीटर क्षेत्रात सरासरी १८ टक्के जास्त पाऊस मिळाला. पण ते पावसाळ्याचे ढग होते. आपल्याकडे हिवाळ्यात आकाश बहुधा निरभ्र असते. अमेरिकेत आयडाहो, कोलोरॅडो या भागांत हिवाळ्यात हा प्रयोग करतात, कारण तेथे डोंगरावर बर्फ साचतो आणि पुढे हळूहळू वितळून माती भिजवतो. नागझिऱ्यात बर्फ कोठून आणणार?

समजा, माघात पाऊस पडलाच, तर मुळांना ओल मिळेल, हे खरे. परंतु वणवा पेटतो तो वरच्या पाल्यावर आणि गवतावर. पाला थोड्याच दिवसांच्या कडक उन्हात वाळतो, आणि ओलीवर वाढलेले गवत सुकले की तेही जळणच होते.

शिवाय आपल्याकडचे वणवे बहुतेक माणसाच्याच हातून लागतात. मोहफुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला पेटवला जातो. तेंदूला नवी पालवी चांगली फुटावी म्हणूनही आग लावतात. कधी विडीचे थोटूकही पुरते.

याची किंमत कोण मोजतो? ८ एप्रिल २०२१ रोजी नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात वणवा विझविताना तीन हंगामी मजूर मृत्युमुखी पडले, दोघे गंभीर भाजले. रोजीसाठी आगीपुढे उभी राहिलेली ही माणसे होती. विमानाची मागणी करण्याआधी अशा मजुराच्या पायात चांगले बूट, अंगावर आगीपासून बचाव करणारे कपडे, हाताशी पिण्याचे पाणी आणि घरच्यांसाठी विम्याचा आधार आहे काय, हे आपण विचारले पाहिजे. ग्रामसभेत हा प्रश्न मांडावा.

मोहफुले वेचणाऱ्या आयाबहिणींना दोष देऊन भागणार नाही. ते त्यांच्या पोटाचे साधन आहे. त्यांना आमची विनंती एवढीच, की पाला पेटवू नका; तो झाडून बाजूला करा, किंवा झाडाखाली जाळी अथवा जुनी लुगडी अंथरा. फुलेही स्वच्छ मिळतील. धूर दिसताच वनरक्षकाला कळवा. आपल्या हातात आहे तेवढे तरी आपण याच उन्हाळ्यात करू या.