झाडतोडे की झाडांचे वैद्य?

१९७२ च्या स्टॉकहोम परिषदेनंतर ५ जून हा दिवस जगभर पर्यावरण दिन म्हणून पाळला जाऊ लागला. आपल्या महाविद्यालयातही त्या दिवशी रोपे लावली जातात, घोषवाक्ये दिली जातात आणि वक्तृत्व स्पर्धेत वृक्षतोड करणारा मानवजातीचा शत्रू ठरतो. झाडे लावावीत याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. परंतु नेमक्या त्याच आठवड्यात, मृग तोंडावर आलेला असताना, कमरेच्या आकडीला कोयता अडकवून काही माणसे आपल्याच तालुक्यात घरांवर झुकलेल्या फांद्या उतरवीत असतात. माझे वडील, माझे दोन चुलते आणि वाडीतला एक शेजारी हे त्यांपैकीच. त्यांच्याविषयी आपण कधी दोन शब्द बोलतो का?

फांदी तोडणे म्हणजे दिसेल तेथे घाव घालणे, असा एक समज आहे. प्रत्यक्षात जाड फांदी तीन कापांत उतरते. पहिला काप खालून, अर्धवट. दुसरा त्याच्या थोडा पुढे, वरून. त्यामुळे फांदी मोडताना खोडाची साल सोलून नेत नाही. मग उरलेला खुंट तिसऱ्या कापात काढायचा, पण फांदी खोडाला मिळते तेथला फुगीर भाग राखून. वडील त्याला 'गळा' म्हणतात आणि 'गळ्याला हात लावायचा नाय' असे बजावतात. अमेरिकेतील ॲलेक्स शायगो या शास्त्रज्ञाने हजारो झाडे उभी चिरून अभ्यासली आणि हेच सांगितले : झाडाची जखम माणसासारखी भरून येत नाही, झाड तिच्याभोवती आतून कुंपण घालते, आणि त्यासाठी तो फुगीर भाग शाबूत हवा. त्याचा ग्रंथ १९८६ चा. माझे वडील चौथीपर्यंत शिकलेले. दोघांचे म्हणणे एकच, हे मला विचार करण्यासारखे वाटते.

फांदी खाली कौलांचे छप्पर असेल तर दोर वरच्या बेचक्यातून घेऊन खालचा गडी बुंध्याला दोन वेढे देतो आणि पाळण्यातले मूल उतरवावे तशी फांदी उतरवतो. शेवगा आणि जांभूळ यांच्यावर कोणी भरवसा ठेवत नाही. ती न सांगता मोडतात. घरमालक पुष्कळदा म्हणतो, "एकदाचा शेंडाच उडवा." त्यावर वडिलांचे उत्तर ठरलेले : "उडवतो, पण चार वरसांनी परत बोलवा. नव्या फुटव्याला जोर नसतो, तो तुमच्याच कौलांवर येनार."

या मंडळींची थट्टा ऐकण्यासारखी असते. वर वेळ लागला की खालून हाक येते, "झोप लागली काय रं?" वरून उत्तर, "झोप नाय, पेन्शन लागली!" तांबड्या मुंग्या चावल्याची तक्रार झाली तर, "त्यांचं घर पाडतोस, मग काय आरती करतील?" 'किती वेळ लागेल' असे विचारणाऱ्या मालकाला धाकटे काका सांगतात, "पन्नास वरसं वाढलंय ते, पन्नास मिंटं तरी द्या त्येला." लहानपणी मला हा नुसता टवाळपणा वाटे. पण पानांच्या गर्दीत वरचा माणूस दिसत नाही. त्याचे उत्तर आले म्हणजे तो सावध आहे हे कळते. उत्तराला उशीर झाला की दोर धरणारा हात थांबतो. ही थट्टा त्यांचे संरक्षक साधन आहे. दुसरे त्यांच्याजवळ नाही.

कारण डोक्यावर टोपी असते ती उन्हाची. दोर फांदीला बांधतात; माणसाला बांधायला दुसरा नसतो. तीन वर्षांपूर्वी माझे थोरले काका पडले. मालकाने त्या दिवसाची मजुरी आणि दवाखान्याचे पहिले बिल दिले. पुढचे गाईने दिले, म्हणजे ती विकावी लागली. काका आता वर चढत नाहीत. खाली दोर धरतात आणि सर्वांत जास्त थट्टा तेच करतात.

महाविद्यालयात प्रवेश घेताना अर्जावर 'पालकाचा व्यवसाय' असा रकाना होता. मी 'झाडांची छाटणी' असे लिहिले. तपासणाऱ्याने ते खोडून 'मजुरी' केले. त्याचा दोष नाही. आपल्या भाषेतच या कामाला मानाचे नाव नाही. इंग्लंडमध्ये यालाच 'ट्री सर्जन' म्हणतात, त्याचे शिक्षण मिळते. आपल्याकडे ज्याला पुस्तकातून विद्या आली तो कुशल, आणि हातातून आली तो मजूर!

कोणी म्हणेल, नावाने काय होते? खरे आहे, नुसत्या नावाने काही होत नाही. म्हणून मी दोन गोष्टी सुचवतो. नारळावर चढणाऱ्यांसाठी नारळ विकास मंडळाने २०११ मध्ये प्रशिक्षण सुरू केले. तसेच प्रशिक्षण, दोर-पट्ट्यासह, छाटणी करणाऱ्यांना तालुक्याच्या ठिकाणी मिळावे. दुसरी गोष्ट आपल्या हातची आहे. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत २०२२ पासून वर्षाला २० रुपये हप्ता आहे आणि अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्व आल्यास २ लाख रुपये मिळतात. काकांचा अर्ज कोणी भरला नव्हता, कारण असा अर्ज असतो हे वाडीत कोणाला ठाऊकच नव्हते.

आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेचे स्वयंसेवक दरवर्षी खड्डे खणतात. येत्या ५ जूनला रोपे जरूर लावावीत. पण त्याआधी, एप्रिलमध्येच, प्रत्येकाने आपल्या वाडीतल्या एका तरी झाडावर चढणाऱ्या माणसाचा अर्ज भरून द्यावा. आज लावलेले रोप वीस वर्षांनी कोणाच्या तरी छपरावर झुकेल. तेव्हा ते मुळापासून न तोडता राखायला जाणता हात हवा, आणि तो हात धड हवा.

— द्वितीय वर्ष, कला