बॅटरी मेली नाही, मारली!

नाशिककरांनो, थंडी सुरू झाली. निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या आल्या की दोन-चार दिवसांत सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये एक ठरलेलं दृश्य दिसतं. सकाळी सकाळी बॉनेट उघडं, शेजाऱ्याच्या गाडीवरून जंपर केबल ओढलेली आणि भोवती जमलेल्या चौघांपैकी तिघांचं एकमत, "बॅटरी गेली. बदलून टाका."

दुपारपर्यंत चार-पाच हजारांची नवी बॅटरी बसलेली असते. जुनी एक्सचेंजमध्ये गेलेली असते. दीड-दोन महिने गाडी मस्त चालते. मग चार दिवस गावाला जाऊन आलात की पुन्हा टक्-टक्-टक्. या वेळी निदान येतं, "बॅटरीचा पीस खराब लागला असेल."

पीस खराब नसतो हो. गाडी बंद असताना तिच्या पोटात कोणीतरी रात्रभर जेवत बसलेलं असतं, आणि त्याला तिथे आणून बसवणारा बहुतेक वेळा आपला ॲक्सेसरीवालाच असतो. माझा राग या धंद्याच्या पद्धतीवर आहे, आणि ती पद्धत चालवून घेणाऱ्या आपल्यावरही आहे.

आधी हिशेब बघा. गाडी बंद केली तरी घड्याळ, अलार्म, सेंट्रल लॉक, कंट्रोल युनिट यांना थोडा करंट लागतोच. तो साधारण ५० मिलीॲम्पिअरच्या आत असेल तर चिंता नाही. लहान पेट्रोल गाडीत ३५ ॲम्पिअर-अवरची बॅटरी धरा. ३० मिलीॲम्पिअरची ओढ असेल तर ती पूर्ण रिकामी व्हायला दीड महिन्याच्या वर लागतो. पण स्टिरिओ, ॲम्प्लिफायर असं काही चुकीचं जोडलं गेलं आणि ओढ ३०० मिलीॲम्पिअर झाली, तर तीच बॅटरी पाच दिवसांत संपते. इंजिन मारायची ताकद तर त्याच्या कितीतरी आधी जाते. थंडीत बॅटरीचा जोर आणखी कमी होतो, म्हणून वर्षभर लपलेला दोष डिसेंबरात उघडा पडतो.

यातली खरी मेख पुढे आहे. लेड-ॲसिड बॅटरी पुन्हा पुन्हा तळापर्यंत रिकामी झाली की तिच्या प्लेटांवर सल्फेटचा थर बसतो आणि ती खरंच कामातून जाते. म्हणजे दुकानदार टेस्टर लावून "बघा साहेब, गेली" म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. प्रेत खरं असतं. पण खून कसा झाला याची चौकशी कोणी करत नाही, आणि त्याच घरात नवा माणूस राहायला पाठवला जातो.

आता वायरिंग कसं होतं ते बघा. बाजारातल्या बहुतेक स्टिरिओंना दोन प्लसच्या वायरी असतात. पिवळी कायम बॅटरीवर, स्टेशन आणि घड्याळ लक्षात ठेवायला. लाल चावीवर, म्हणजे चावी काढली की सेट बंद. लाल वायरीसाठी चावीवरचा पॉईंट शोधायला दहा मिनिटं लागतात. घाईत काय करतात? लाल-पिवळी एकत्र पिळतात, काळी टेप मारतात, "झालं साहेब!" मग पडदा काळा दिसला तरी सेट आतून जागाच राहतो. ॲम्प्लिफायरच्या निळ्या रिमोट वायरीचं तेच. ती सेटकडून यायला हवी, कायम प्लसवर नाही. डॅशकॅमला पार्किंग मोड हवा असेल तर ठरावीक व्होल्टेजच्या खाली पुरवठा तोडणारं किट लावावं लागतं. तेही टाळलं जातं, कारण ते वेगळं विकत घ्यावं लागतं.

आणि फ्यूज! थेट बॅटरीवरून ओढलेल्या वायरीला बॅटरीपासून वीतभर अंतरात फ्यूज हवाच. वायर कुठे घासून बॉडीला लागली तर फ्यूज उडेल. फ्यूज नसेल तर वायर तापेल, इन्सुलेशन वितळेल आणि आग लागेल. बॅटरी बारा व्होल्टची असली तरी शॉर्ट झाल्यावर शेकडो ॲम्पिअर देते. "बारा व्होल्टला काय होतंय" म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

घरात महावितरणचं मीटर घ्यायचं तर लायसन्सधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट मागतात. गाडीत मात्र आख्खं कुटुंब पेट्रोलच्या टाकीवर बसवायचं आणि वायरिंग कोणीही करायचं. ना त्याला परवाना, ना तपासणी, ना कागदावर एक ओळ. दसऱ्याला, पाडव्याला नवी गाडी घेताना पॅकेजमध्ये ॲक्सेसरी गळ्यात मारतात. त्याच्या बिलावर फ्लोअर मॅटची किंमत असते, पण कुठली वायर कुठून घेतली याचा उल्लेख नसतो. पुढे काही झालं तर "बाहेरून छेडछाड केलीय" म्हणत वॉरंटी नाकारायला कारण तयार.

यात सरकारही आलं. १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या टॅक्सी, बससारख्या नव्या सार्वजनिक वाहनांना (रिक्षा वगळून) लोकेशन ट्रॅकर आणि इमर्जन्सी बटण बंधनकारक केलं. हेतू चांगला आहे, महिलांच्या सुरक्षेचा आहे, त्याला विरोध नाही. पण हे यंत्र गाडी बंद असतानाही बॅटरीवरच असतं. ते नीट झोपतं का, फ्यूजमधून जोडलंय का, बंद गाडीत किती करंट ओढतं, हे बसवल्यानंतर मोजून लिहून द्यायची पद्धत कुठे आहे? यंत्र चालू दिसलं की काम झालं. सकाळी गाडी उठली नाही तर पहिलं भाडं टॅक्सीवाल्याचं बुडतं.

दुकानदार मित्र म्हणतील, "गिऱ्हाईक निदानाचे पैसे देत नाही. दोनशे रुपये मजुरीत अजून काय करायचं?" बरोबर आहे. पंधरा हजारांचा सेट घेणारे आपण मजुरीसाठी पन्नास रुपयांवरून घासाघीस करतो. बॅटरीला पाच हजार हसत देतो, पण तासभर मीटर लावून बसणाऱ्याला तीनशे द्यायला जीवावर येतं. म्हणून त्या पोराला मोजायला कोणी शिकवत नाही, तो बदलायला शिकतो. दोष त्याच्या एकट्याचा नाही. पण हे कारण सांगून लाल-पिवळी एकत्र पिळण्याचं समर्थन होत नाही.

निदान अवघड नाही. साधा मल्टीमीटर तीन-चारशेत मिळतो.

१. गाडी काही तास उभी राहू द्या, मग बॅटरीचा व्होल्टेज बघा. १२.६ च्या आसपास म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी. इंजिन चालू करून १३.८ ते १४.४ च्या दरम्यान दिसलं तर चार्जिंग बहुधा ठीक आहे. तिथेच कमी दिसलं तर आधी अल्टरनेटर तपासा, उगाच ॲक्सेसरीला दोष देऊ नका.

२. मग सगळं बंद, चावी काढून लांब. बॉनेट उघडं ठेवा, दरवाजे लावा. मायनसची केबल काढून मीटर १० ॲम्पिअरच्या सॉकेटवर, केबल आणि बॅटरीच्या मध्ये जोडा. अर्धा तास थांबा, कारण कंट्रोल युनिट झोपायला वेळ घेतात. सुरुवातीचा मोठा आकडा बघून घाबरू नका.

३. मीटर जोडलेला असताना चावी फिरवायची नाही. स्टार्टर शंभरावर ॲम्पिअर ओढतो, मीटरचा फ्यूज जाईल.

४. अर्ध्या तासानंतरही आकडा शंभर-दोनशे मिलीॲम्पिअरच्या वर असेल तर एकेक फ्यूज काढत जा. ज्याने आकडा धपकन पडेल, चोर त्या सर्किटवर. सगळे फ्यूज काढूनही आकडा हलला नाही तर थेट बॅटरीवर जोडलेल्या वायरींकडे वळा. बाहेरून बसवलेली एकेक वस्तू सोडवत जा.

एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरना हात लावू नका. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल तर हा प्रयोग घरी करूच नका.

आता मागण्या. ॲक्सेसरी बसवणाऱ्या प्रत्येकाने, मग तो शोरूम असो की टपरी, बिलावर तीन गोष्टी लिहाव्यात: वायर कुठून घेतली, फ्यूज किती ॲम्पिअरचा, आणि काम झाल्यावर बंद गाडीतली ओढ किती. परिवहन विभागाने ट्रॅकरच्या प्रमाणपत्रासोबत हाच आकडा सक्तीचा करावा. आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिक तयार होतातच, तिथेच ॲक्सेसरी वायरिंगचा छोटा कोर्स आणि परवाना सुरू करावा. दुकानातल्या पोराची मजुरीही त्याने वाढेल.

आणि आपण? पुढच्या वेळी "बॅटरी गेली" ऐकलं की पाकीट काढायच्या आधी एकच प्रश्न विचारा, "बंद गाडीत किती मिलीॲम्पिअर जातायत?" उत्तर नसेल तर दुसरं दुकान गाठा. आणि जो मोजून दाखवेल त्याला मजुरी पूर्ण द्या, घासाघीस न करता. चुकीच्या कामाची दुरुस्ती नाकारली तर बिल जपून ठेवा आणि ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर तक्रार करा.

दुकानदार मित्रांनो, कमेंट खुल्या आहेत. जो मोजून आकडा लिहून देतो त्याने हक्काने आपल्या दुकानाचं नाव टाकावं. गिऱ्हाईक आम्ही पाठवू.